घरात 'बॉर्डरलाइन' आहे कळल्यावर आम्ही केलेल्या चुका, तुम्ही तरी या टाळा

माझ्या भावाचा संसार सात वर्षं चालला, त्यातली शेवटची दोन फॅमिली कोर्टाच्या तारखांत गेली. वहिनीला (अजूनही वहिनीच म्हणते, सवय) बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर (भावना पटकन टोकाला जाणं, नाती सतत डळमळणं असा मानसिक आजार) आहे असं सायकॅट्रिस्टने चौथ्या वर्षी सांगितलं. आम्हाला वाटलं सुटलो, नाव कळलं म्हणजे आता गोळी मिळेल. तिथूनच चुका सुरू झाल्या आणि पहिली माझीच.

नावाचा दगड करून मारणं

मी रील्स बघून तिला पाठवायचे, 'बघ, अगदी तुझंच आहे'. अहो, निदान करताना डॉक्टर नऊपैकी किमान पाच लक्षणं बघतात, तीही वर्षानुवर्षं आणि वेगवेगळ्या नात्यांत दिसणारी, आणि मी आपली अर्ध्या मिनिटाच्या व्हिडिओवर डॉक्टरकी करत होते. मग घरात भाजीवरून जरी वाजलं तरी 'हा तुझा आजार बोलतोय' म्हणायची पद्धतच पडली. त्यात तिच्या खऱ्या तक्रारीपण वाहून गेल्या. आई तिचं कपाट न विचारता लावायची, ही तक्रार सोळा आणे खरी होती हो.

न सांगता निघून जाणं

ही सगळ्यात महागात पडली. भांडण तापलं की दादा चपला घालून बाहेर, फोन स्विच ऑफ. त्याच्या मते तो शांतता ठेवत होता, पण बॉर्डरलाइनमधे आपल्याला कोणी सोडून जाईल ही भीती हीच मूळ दुखरी नस असते, त्यामुळे तिच्या लेखी नवरा कायमचा गेलेला असायचा, मग पन्नास कॉल, मग माहेरी फोन, मग सोसायटीभर तमाशा. उलट कधी तो थांबला तर रात्री दोनपर्यंत मुद्दा पटवत बसायचा, तेही वाईटच, कारण तेवढ्या उकळीत कोणाचाच मुद्दा कोणाला पटत नसतो. कौन्सिलर मॅडमनी साधं वाक्य दिलं, 'मला आत्ता बोलता येत नाहीये, साडेनऊला येतो, मग बोलू.' आणि यायचं साडेनऊलाच. सव्वादहाला आलात तर वाक्य फुकट. दादाला हे जमायला लागलं तोवर फार उशीर झाला होता.

'मी जीवाचं काहीतरी करून घेईन' याला नाटक समजू नका, बॉर्डरलाइनमधे हा धोका खरा असतो. पण म्हणून त्या क्षणी मागेल ते कबूल करत सुटणं हा इलाज नाही. जवळ थांबा, घातक वस्तू लांब ठेवा, डॉक्टरांना फोन करा, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर चोवीस तास चालू असतो. तातडीचं वाटलं तर सरळ दवाखान्यात न्या.

थेरपीला निकाल लावायला जाणं

दादा पहिल्या सेशनला तारीखवार फाइल घेऊन गेला. थेरपिस्ट म्हणाले, मी जज नाही. जोडप्याची थेरपी भांडायची पद्धत बदलायला असते, आजारासाठी वेगळी थेरपी लागते. बॉर्डरलाइनसाठी डीबीटी नावाची, भावना सांभाळायची कौशल्यं शिकवणारी थेरपीची पद्धत आहे, ती काढणाऱ्या मार्शा लिनेहान यांनी २०११ मधे जाहीर सांगितलं की तरुणपणी त्या स्वतःच हॉस्पिटलमधे होत्या, स्वतःला इजा करून घ्यायच्या. गोळ्या सोबतचं डिप्रेशन वगैरे सांभाळतात, स्वभावाची घडण बदलत नाहीत. महिन्याभरात फरक नाही म्हणून आम्ही थेरपी बंद केली, मूर्खपणा. आणि घरात मारहाण असेल तर आधी सुरक्षितता बघा, एकत्र सेशन नंतर, कारण तिथे बोललेलं घरी गेल्यावर अंगावर येतं.

घटस्फोटाच्या अर्जात 'मेंटल आहे' लिहिणं

पहिला वकील म्हणाला, डॉक्टरचा कागद आहे ना, मग काम झालं. नाही होत. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ मधे मानसिक आजार हे कारण आहे, पण आजार अशा प्रकारचा आणि इतका हवा की सोबत राहण्याची अपेक्षाच रास्त ठरू नये. १९८८ मधे राम नारायण गुप्ता केसमधे सुप्रीम कोर्टाने नेमकं हेच म्हटलं, तिथे तर स्किझोफ्रेनियाचा आरोप होता, तरी नवऱ्याला घटस्फोट मिळाला नाही. उलट फटकाही बसू शकतो. १९९३ च्या व्ही. भगत केसमधे बायकोने लेखी जबाबात नवऱ्याला मनोरुग्ण ठरवलं, आणि कोर्टाने तेच मानसिक क्रौर्य धरून त्याला घटस्फोट दिला! दुसऱ्या वकील बाईंनी आमच्या अर्जातून आजाराचं नावच काढलं, काय झालं, कधी, कोणासमोर एवढंच ठेवलं.

रेकॉर्डिंगचं म्हणाल तर जुलै २०२५ मधे सुप्रीम कोर्टाने नवरा-बायकोचं चोरून केलेलं रेकॉर्डिंग घटस्फोटाच्या केसमधे पुरावा म्हणून घेता येतं असं सांगितलंय. पण अजून संसार वाचवायचा असेल तर उशीखाली फोन ठेवून झोपणाऱ्या माणसावर कोण विश्वास टाकणार?

शेवटी म्युच्युअल, म्हणजे दोघांच्या संमतीने घटस्फोट झाला. त्या काळात आम्ही 'मम्मीला सांग' करत निरोप भाचीच्या हातून पाठवायचो, सहा वर्षांच्या पोरीला पोस्टमन केलं होतं. आता दोघांचं बोलणं मेसेजवर, फक्त शाळा, तब्येत आणि वेळ. शनिवारी चारला भाची आमच्याकडे येते, आणि दादा पाच मिनिटं आधीच गेटपाशी उभा असतो.