खान्देशातून जर्मनीत नर्सिंगला येताना: उर्कुंडे हातात पडेपर्यंत

जळगाव, धुळे, नंदुरबारकडून जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग करून इकडे यायला निघालेल्या सिस्टर-ब्रदरचा पहिला प्रश्न पगाराचा असतो. त्याच्याही आधी एक शब्द पाठ करा: उर्कुंडे. तुमचं भारतातलं शिक्षण मान्य झालं आणि तुम्ही इथे पूर्ण नर्स म्हणून काम करू शकता, असं सांगणारा हा सरकारी कागद. तो मिळेपर्यंत तुम्ही कागदोपत्री मदतनीस, म्हणजे फ्लेगेहेल्फर. मग सिव्हिलला दहा वर्षं आयसीयू सांभाळलेलं असो. पगार, व्हिसाचा प्रकार, नोकरी बदलण्याची मोकळीक, सगळं त्या एका कागदाला बांधलेलं आहे. म्हणून एजन्सीची प्रत्येक गोष्ट एकाच काट्यावर तोला: याने उर्कुंडे जवळ येते की लांब जाते?

एजन्सी आणि पैसे

परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवायची तर १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली परराष्ट्र मंत्रालयाचं लायसन्स लागतं. ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर एजन्सीचं नाव आणि नंबर दोन मिनिटांत तपासता येतो. गावातल्या गाळ्यात झेंडे लावून बसलेला माणूस बहुतेक वेळा सब-एजंट असतो. लायसन्स मुंबई-दिल्लीच्या कुणाचं तरी, आणि याचं "त्यांच्याशी टाय-अप आहे". कायद्याला सब-एजंट मान्य नाही. पैसे त्याच्या हातात रोख गेले की तुमच्याकडे दाखवायला काही उरत नाही.

लायसन्सधारक एजंटला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४०० रुपये घेता येतात, तेही पावती देऊन. जर्मनीच्या बाबतीत तेवढेही द्यायची वेळ येऊ नये, कारण नर्सची गरज मालकाला आहे आणि भरतीचा खर्च तोच उचलतो. चांगल्या एजन्सींना इथे 'फेअरे आनवेर्बुंग फ्लेगे डॉइचलांड' हा सरकारी गुणवत्ता-शिक्का मिळतो. त्याची मूळ अटच अशी की खर्च मालकाने करायचा. शिक्का आहे का, एवढं सरळ विचारा. शेत गहाण ठेवून किंवा पतसंस्थेचं कर्ज काढून पाच-सात लाख भरावे लागत असतील, तर ती भरती चुकीच्या माणसाकडून चालली आहे.

दोन नावांनी हमखास पैसे उकळतात. एक, एमिग्रेशन क्लिअरन्स, म्हणजे नोकरीसाठी देश सोडायची भारत सरकारची मंजुरी. नर्सला तो लागतो सौदी, कुवेत, ओमानसारख्या ठरावीक १८ देशांसाठी, आणि त्या यादीत जर्मनी नाही. दुसरं, अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून त्यावर मारायचा सरकारी शिक्का. भारताच्या अपोस्टिलला जर्मनीने हरकत घेतलेली आहे. तेव्हा प्रत्येक मार्कशीटवर शिक्का मारायला कुणी हजारो मागितले, तर शिक्षण मान्य करणाऱ्या जर्मन खात्याच्या पत्रात ती मागणी कुठे आहे ते दाखवायला सांगा.

करारातलं एक कलम मात्र बसून वाचा: र्युकत्सालुंग, म्हणजे परतफेड. "३६ महिन्यांच्या आत नोकरी सोडल्यास झालेला खर्च परत करावा लागेल" असं काहीसं असतं. तीन गोष्टी बघा. रक्कम आकड्यात लिहिली आहे का, की नुसतं 'झालेला खर्च'? दर महिन्याला ती छत्तिसाव्या भागाने कमी होते का? आणि नोकरी कुणामुळे सुटली याचा फरक केला आहे का? मालकाच्या चुकीमुळे किंवा त्याने काढून टाकल्यामुळे नोकरी गेली तरी पैसे तुम्हीच भरा, असं सरसकट लिहिलेलं कलम जर्मन न्यायालयात सहसा टिकत नाही. पण हे माहीत नसलं की माणूस घाबरून खराब जागी तीन वर्षं काढतो. 'फाइरे इंटिग्राट्सियोन' या सल्लाकेंद्रांत करार फुकट वाचून मिळतो.

कागद

बीएस्सीवाल्यांची ट्रान्सक्रिप्ट नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडून येते, जीएनएमवाल्यांची बोर्डाकडून. नुसते मार्क पुरत नाहीत. विषयवार तास लागतात, थिअरीचे वेगळे आणि वॉर्डातले वेगळे. इथल्या तीन वर्षांच्या शिक्षणात थिअरी २,१०० तास आणि प्रत्यक्ष काम २,५०० तास असतं, आणि तुमचे तास त्याच्याशी ताडून बघतात. 'इंटर्नशिप पूर्ण' एवढंच लिहिलं असेल तर ते तास शून्य धरले जाण्याची भीती असते. कॉलेज सोडण्याआधीच हा कागद प्राचार्यांच्या सहीने करून घ्या. कॉलेज बंद पडलं की तास लिहून द्यायला कुणी राहत नाही. सोबत महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन आणि गुड स्टँडिंग, म्हणजे तुमच्यावर कारवाई नसल्याचा दाखला. भाषांतर शपथबद्ध अनुवादकाचंच हवं, नोटरीच्या शिक्क्याचं परत येतं.

नावाचा घोळ आपल्याकडे ठरलेला. मार्कशीटवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर क्रम वेगळा. लग्नानंतर आधारवर नवऱ्याचं नाव. जर्मन क्लार्कला या तीन वेगळ्या बाया वाटतात. पासपोर्टवर जसं आहे तसंच, स्पेलिंगसकट, पुढे सगळीकडे चालवा. लग्नाने नाव बदललं असेल तर विवाह प्रमाणपत्र आणि राजपत्र दोन्ही जवळ ठेवा.

भाषा

यायला जर्मन भाषेची साधारण बी-१ पातळी लागते, उर्कुंडेला त्याच्या वरची बी-२. ग्योथे इन्स्टिट्यूटच्या या दोन्ही परीक्षांत वाचन, ऐकणं, लिहिणं, बोलणं असे चार भाग आणि प्रत्येकात ६० टक्के. एक भाग गेला तर तेवढाच परत देता येतो. रोज चार तास नेटाने बसलं तर बी-१ ला सात-आठ महिने धरा. "दोन महिन्यांत बी-१" म्हणणाऱ्याला फक्त क्लासची फी दिसते. शक्य असेल तर बी-२ तिकडेच करून निघा. इथे तीन पाळ्यांत काम करून अभ्यासाला उरलेला माणूस बघितला की कारण समजतं.

मराठी माणसाला दोन फायदे आहेत, ते क्लासमध्ये कुणी सांगत नाही कारण तिथे इंग्रजीतून शिकवतात. जर्मनमध्ये बावीस म्हणजे 'दोन-आणि-वीस', एकक आधी. आपलं बा-वीस तसंच. रुग्णाचा फोन नंबर किंवा साखर लिहून घेताना मराठीतून विचार केला तर आकडे उलटे पडत नाहीत. दुसरं, तो-ती-ते आपल्याकडेही आहे. लिंगं मात्र जुळतीलच असं नाही. चमचा इथेही 'तो', पण काटा 'ती' आणि सुरी 'ते'. आणि घरी अहिराणी बोलणाऱ्यांनी तर घाबरूच नये. पुस्तकी मराठी आणि आजीची अहिराणी यांत जेवढं अंतर, तेवढंच पुस्तकी जर्मन आणि नैर्ऋत्य जर्मनीतल्या श्वाबिश आजीबाईंच्या बोलीत. पहिल्या महिन्यात ती न कळणं हे नापास होणं नव्हे.

सामान

मांस आणि दुधाचे पदार्थ युरोपीय संघात आणायला बंदी आहे. म्हणजे साजूक तूप, पेढे, खवा घरीच ठेवा. भरिताची वांगी, कढीपत्त्याची ताजी पानं यांना वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. केळ्याला मात्र सूट आहे, त्यामुळे रावेर-यावलचं केळं कायद्याने येऊ शकतं, बॅगेत टिकलं तर. काळा मसाला, बिबड्या, कुरडया, उडदाचे पापड खुशाल आणा. विमान दुबई किंवा दोहामार्गे असेल तर खसखस अजिबात नको, आखातात ती गुन्ह्यात मोडते.

पहिले चौदा दिवस

राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत ब्युर्गरआम्ट या नागरिक कार्यालयात पत्त्याची नोंद, म्हणजे आनमेल्डुंग. त्याला घरमालकाचं सहीचं पत्र लागतं, भाडेकरार पुरत नाही. त्याच दिवशी घराच्या पत्रपेटीवर आणि बेलवर आपलं आडनाव चिकटवा. क्षुल्लक वाटतं, पण नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो. कर-क्रमांक, बँकेचं कार्ड, आरोग्य विम्याचं कार्ड, व्हिसा खात्याची तारीख, सगळं पोस्टानेच येतं. कर-क्रमांक पगार विभागाला वेळेत दिला नाही तर सगळ्यात जड वर्गाने कर कापला जातो.

खोली भाड्याने घेताना डिपॉझिट मूळ भाड्याच्या तिपटीपेक्षा जास्त मागता येत नाही, आणि ते तीन हप्त्यांत भरायचा तुम्हाला हक्क आहे. हिवाळ्यात दिवसातून तीन-चारदा पाच-दहा मिनिटं खिडकी सताड उघडा. बंद खोलीत भाजी शिजवली, कपडे वाळवले की भिंतीला बुरशी धरते आणि डिपॉझिट तिथेच जातं. ठेच्याच्या मिरच्या तव्यावर भाजण्याआधीही खिडकी उघडायची, कारण छताला धुराचा अलार्म असतो. हॉस्पिटलच्या होस्टेलमध्ये तो थेट अग्निशमन दलाला जोडलेला असला तर गाडीचं बिलही तुमच्या नावावर येऊ शकतं.

तब्येत गंभीर बिघडल्यास ११२, साध्या दुखण्याला रात्री ११६११७.

वॉर्डात

इथे नातेवाईक रुग्णाजवळ थांबत नाहीत. अंघोळ, तोंड धुणं, भरवणं, संडास, कूस बदलणं, सगळं नर्सने करायचं. आपल्याकडे मावशी आणि पेशंटची सून जे करते, ते. उलट सलाईन लावणं, रक्त काढणं हे मुळात डॉक्टरचं काम, नर्सकडे ते ठरवून सोपवलं तरच करायचं. शीर एका टोच्यात सापडणाऱ्या हाताला हे फार जड जातं. पण रुग्णाला धुणं हे इथे हलकं काम समजत नाहीत. त्याच वेळी त्वचा, श्वास, गिळणं, मनःस्थिती बघायची असते, आणि परीक्षेतही नेमकं तेच बघतात. दार वाजवा, नाव सांगा, पाण्याची उष्णता रुग्णाला विचारा, जो भाग धुताय तेवढाच उघडा ठेवा, आणि रुग्णाला जेवढं स्वतः करता येतं तेवढं त्याला करू द्या. शेवटचं आपल्याला सगळ्यात अवघड, कारण घाईत सगळं आपणच उरकायची सवय असते.

औषधात एक सापळा जिवावर बेतणारा आहे. इथे दशांश चिन्ह स्वल्पविराम आहे आणि हजाराची खूण टिंब. २,५ मिलिग्रॅम म्हणजे अडीच. १.००० मिलिलिटर म्हणजे एक हजार, एक नव्हे. साखर बहुतेक ठिकाणी आपल्यासारखी मिलिग्रॅममध्ये मोजतात, पण पूर्वेकडच्या राज्यांत मिलिमोलमध्ये. त्या आकड्याला १८ ने गुणलं की आपला आकडा मिळतो. ७ वाचून कुणाला साखर पाजायला धावू नका, ती १२६ आहे.

सुटीच्या दिवशी "आज येता का?" असा फोन येतो. नाही म्हणता येतं, आणि जुन्या नर्स म्हणतातही. आजारी असाल तर पाळी सुरू होण्याआधी फोन करा. तीन दिवसांपेक्षा जास्त दिवस असतील तर डॉक्टरचा दाखला लागतो, करारात लिहिलं असेल तर पहिल्या दिवसापासून. नोकरीला चार आठवडे झाल्यावर आजारपणात सहा आठवडे पूर्ण पगार मिळतो. तो हक्क आहे, उपकार नाही.

परीक्षा आणि पगार

ताडणीत जे कमी पडलं त्याचं पत्र येतं, डेफिझिटबेशाइड. ते भरून काढायचे दोन रस्ते. केन्टनिसप्र्युफुंग ही परीक्षा, किंवा आनपासुंग्सलेअरगांग हा वॉर्डातला ठरावीक काळ, त्याच्या शेवटी एक संभाषण. परीक्षा लवकर संपते, पण तोंडी ४५ ते ६० मिनिटं चालते आणि प्रात्यक्षिक खऱ्या रुग्णांसोबत असतं. दोन्ही भाग एकेकदाच परत देता येतात. ज्यांचं बोलणं अजून अडखळतं त्यांनी दुसरा रस्ता घ्यावा, असं माझं मत. आपल्या मुली प्रात्यक्षिकात मागे पडतात त्या हाताने नाही, तोंडाने. काम अचूक करतात आणि गप्प राहतात. परीक्षकाला कारण ऐकू यायला हवं: कूस का बदलली, कोणता धोका टाळला. बेडसोअर, थ्रॉम्बोसिस, न्यूमोनिया, सांधे आखडणं, पडणं, या पाचांचा प्रतिबंध झोपेतही जर्मनमध्ये सांगता यायला हवा. हात निर्जंतुक करायचे ते पूर्ण ३० सेकंद, परीक्षक मनात मोजतात.

वृद्धसेवेतला कायदेशीर किमान दर जुलै २०२५ पासून मदतनिसाला तासाला १६.१० युरो आणि पूर्ण नर्सला २०.५० युरो होता. महिन्याचे १६५ तास धरले तर उर्कुंडेला उशीर झालेला प्रत्येक महिना सव्वासातशे युरोंचा. करारातला आकडा ब्रुटो, म्हणजे कर आणि विमा कापण्याआधीचा असतो. एकट्या माणसाच्या हातात शंभरातले साधारण ६५ ते ७० येतात. कर्जाचा हप्ता ब्रुटोवर बसवून आलेले पहिल्याच पगाराला हबकतात.

उर्कुंडे आली की त्याच दिवशी तिची प्रत पगार विभागाला लेखी द्या आणि त्या तारखेपासून नर्सचा दर लावायला सांगा. मग आउसलेंडरबेहोर्डेकडे, म्हणजे व्हिसा खात्याकडे, व्हिसा शिक्षण-मान्यतेच्या कलम १६-डी वरून कुशल कामगाराच्या कलम १८-ए वर बदलायला अर्ज टाका. मूळ उर्कुंडे कुणाच्याही फाइलला लावू नका. एजन्सीलाही देऊ नका.