भरीत पार्टीचं शूटिंग: आदल्या रात्रीपासूनची तयारी

थंडी पडली की जळगाव जिल्ह्यात यावल-रावेरकडे शेताशेतांत भरीत पार्ट्या सुरू होतात. वांगी बामणोदची आणायची की आणखी कुठली, यावर घरात दोन दिवस वाद चालतो. व्हिडिओ कोण काढणार हे मात्र काड्या पेटल्यावर ठरतं. मागच्या हिवाळ्यात ते काम माझ्याकडे आलं. आजी वांगं कसं निवडायचं इथपासून सगळं सांगत होती आणि आडव्या धरलेल्या फोनच्या माईकवर माझी करंगळी होती. घरी येऊन ऐकलं तर आजीचे ओठ हलताहेत आणि आवाज रांजणातून आल्यासारखा. म्हणून यंदा आधी आवाजाची तयारी.

घरात जुना, बाजूला पडलेला फोन असेल तर तो चार्ज करून ठेवा. आजीच्या समोर हातभर अंतरावर, पातेल्याच्या आडोशाला तो रेकॉर्डर चालू करून ठेवायचा, त्याच्या माईकवर मऊ फडकं गुंडाळून. शेतातला वारा माईकवर फडफड करतो, ती त्याने बरीच कमी होते. दोन्ही फोन चालू झाल्यावर एकदा जोरात टाळी वाजवा, म्हणजे नंतर एडिटिंग करताना टाळीच्या ठिकाणी चित्र आणि आवाज जुळवता येतात. कॉलर माईक असेल तर उत्तमच, पण तो पदराला घासणार नाही अशा जागी लावा. विहिरीवरची मोटर आजीचं बोलणं होईपर्यंत बंद ठेवायला सांगा. ट्रॅक्टरवर गाणी लावणाऱ्या पुतण्याला तर आधीच गाठा. सगळं संपल्यावर कोणी न बोलता अर्धा मिनिट नुसता शेताचा आवाजही टिपून घ्या. दोन तुकडे जोडताना तो खाली घातला की मध्ये पोकळी जाणवत नाही.

आता फोन. रात्रीच जुने फोटो हलवून जागा करा. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये 1080पी, सेकंदाला 30 फ्रेम एवढं घरच्या व्हिडिओला पुष्कळ होतं. 4के मध्ये फाइल काही पटींनी मोठी होते आणि मेमरी ऐन भरीत ठेचताना संपते. पॉवर बँक घ्या. सकाळी फोन विमान मोडवर टाका, नाहीतर मामांचा ‘निघालो’ म्हणून फोन येतो आणि रेकॉर्डिंग तिथेच थांबतं. लेन्स मऊ सुती कापडाने पुसा, आणि दिवसभर पुसत राहा. तेलाचं बोट लागलं की सगळ्यांचे चेहरे धुक्यात गेल्यासारखे दिसतात आणि लोक कॅमेऱ्याला नावं ठेवतात.

उजेडासाठी वेळ आणि जागा दोन्ही ठरवून घ्या. दुपारच्या उन्हात डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात. साडेचारनंतर ऊन तिरपं होतं, पण डिसेंबरात सहाच्या आत सूर्य बुडतो, म्हणजे तुमच्या हातात तासच आहे. वांगी भाजण्याची जागा अशी निवडा की मागे केळीच्या बागेचा गर्द हिरवा पडदा येईल आणि ऊन बाजूने किंवा मागून पडेल. धूर आणि वाफ अशा उजेडातच उठून दिसतात. कपाशीच्या काड्यांचा जाळ मात्र फसवा: भडकला की फोन चित्र काळवंडून टाकतो, बसला की पांढरंफटक करतो. त्यासाठी स्क्रीनवर वांग्यावर बोट दाबून धरा. बऱ्याच फोनमध्ये फोकस आणि उजेड तिथेच लॉक होतो. अंधारल्यावर बल्बखाली शूट करणार असाल तर पट्टे सरकताना दिसतील. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे बल्बचा उजेड सेकंदाला 100 वेळा कमी-जास्त होतो. कॅमेऱ्यात प्रो मोड (सेटिंग हाताने बदलायची सोय) असेल तर शटरचा वेग 1/50 किंवा 1/100 वर ठेवा.

झूम विसरा. जवळ जायचं असेल तर पायांनी जा. बोटांनी ताणलेलं चित्र फाटतं. ट्रायपॉड नसला तर धान्याच्या पोत्यावर फोन टेकवा. हातातच धरायचा असेल तर दोन्ही कोपर अंगाला चिकटवून. प्रत्येक शॉट मनात दहा आकडे मोजून धरायचा, मगच हलायचं.

काय काय टिपायचं ते कागदावर लिहून खिशात ठेवा, कारण भरीत दुसऱ्यांदा कोणी करून दाखवत नाही. साल सोलताना चटका बसला की फुंकणारी बोटं, मिरची-लसणाचा ठेचा, लाकडी भांड्यात मुसळीचे दणके (यांचा आवाज जवळून घ्या, चित्रापेक्षा तोच भारी), वरून पडणारी कांद्याची पात, आणि कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी मोडणारे हात. दुरून एक, मधून एक, अगदी जवळून एक असे तीन-तीन तुकडे घेतले तर जोडणीला त्रास होत नाही. आजी लेवा गणबोलीत, म्हणजे इकडच्या बोलीत, बोलत असेल तर तिला ‘शुद्ध बोल’ म्हणू नका. खाली मजकूर टाकता येतो.

रात्री घरी आल्यावर आधी सगळ्या फाइली लॅपटॉपवर उतरवा आणि मगच फोनमधल्या पुसा. कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकताना व्हिडिओ म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नाहीतर तो दाबून लहान केला जातो आणि पुण्यातली आत्या फोन करून विचारते, काय रे, एवढं धूसर का?