फुगलेलं सॉफ्टवेअर हलकं कसं करावं

सॉफ्टवेअर एका दिवसात जड होत नाही. प्रत्येक ग्राहकासाठी 'एवढं एक बटण द्या' म्हणून सेटिंग वाढत जाते. चालू-बंद अशा 10 सेटिंग झाल्या की 1024 वेगवेगळ्या स्थिती तयार होतात. त्या सगळ्या कुणीच तपासत नाही, आणि बग तिथेच दबा धरून बसतात.

आधी मोजा. कोणती सोय किती जण, किती वेळा वापरतात याची नोंद ठेवा, पण हिशेबाच्या सॉफ्टवेअरला तीन महिन्यांचे आकडे पुरत नाहीत. मार्चअखेरीस एकदाच लागणारा अहवाल त्यात शून्य दिसेल आणि तुम्ही नेमका तोच उडवाल. पूर्ण आर्थिक वर्ष धरा.

नको ते नुसतं लपवू नका. ऑफिस 2000 मध्ये कमी वापरलेले पर्याय मेन्यूतून आपोआप दडवले जायचे. त्यामुळे मेन्यू सारखा बदलायचा, हाताला बसलेली जागा हरवायची. आतला कोड तर तसाच राहायचा.

काढायचं ठरलं की आधी सूचना द्या, वापरणाऱ्याला त्याचा डेटा सीएसव्हीमध्ये (एक्सेलमध्येही उघडणाऱ्या साध्या फाइलमध्ये) उतरवून घेऊ द्या, पुढच्या एक-दोन आवृत्त्यांनंतर बटण काढा. मग त्यामागचा कोड, चाचण्या आणि फक्त त्यासाठीच आणलेल्या लायब्ऱ्या, म्हणजे इतरांनी लिहिलेला तयार कोड, त्याही काढा. हे शेवटचं काम हमखास राहून जातं! लायब्ररी छोटी म्हणून सोडू नका: 2016 मध्ये लेफ्ट-पॅड हे जेमतेम 11 ओळींचं पॅकेज एनपीएम या जावास्क्रिप्ट लायब्ऱ्यांच्या सार्वजनिक भांडारावरून हटवलं गेलं आणि असंख्य प्रकल्पांची बिल्ड, म्हणजे कोडपासून सॉफ्टवेअर तयार करण्याची प्रक्रिया, अडली.