कामाचं सॉफ्टवेअर कसं निवडावं: दिवाळी अंकाच्या चमूसाठी

कामांचा माग ठेवायला ट्रेलो किंवा आसनासारखं अॅप घ्यावं की गूगल शीटवरच भागवावं? पाच-सहा जणांनी मिळून दिवाळी अंक काढायचा म्हटलं तरी हा प्रश्न येतोच. सॉफ्टवेअरच्या जाहिराती वाचण्याआधी आपलं काम तपासा.

१. काम कुठे अडतं ते शोधा

मागच्या अंकातला रखडलेला एखादा लेख घ्या आणि व्हॉट्सअॅप ग्रुपवरचे निरोप चाळा. लेख वेळेत आलेला असतो, डीटीपी, म्हणजे संगणकावरची पानांची जुळणीही, झालेलं असतं. पण दुसऱ्या प्रुफातल्या दुरुस्त्या लावल्या की नाही, हे कुणालाच ठाऊक नसतं. काम असं एकाकडून दुसऱ्याकडे जातानाच बहुतेक वेळ वाया जातो.

२. त्यावरून प्रकार ठरवा

फक्त स्वतःची कामं विसरत असाल तर टुडुइस्ट किंवा मायक्रोसॉफ्ट टू डूसारखं यादीचं अॅप पुरे. काम हातोहात फिरत असेल तर बोर्ड हवा, म्हणजे कोणतं काम कोणत्या टप्प्यावर आहे ते रकान्यांत दाखवणारा फळा. ही टोयोटाच्या कारखान्यातली कानबान पद्धत. २०११ साली आलेल्या ट्रेलोने ती घरोघरी नेली. मजकूर आला, संपादन, डीटीपी, प्रूफ, छपाई असे रकाने करा, प्रत्येक लेखाला एक कार्ड द्या आणि कार्डावर एकाच माणसाचं नाव टाका. दोन नावं असली की दोघंही एकमेकांची वाट बघत बसतात.

जाहिराती ठरल्याशिवाय पानं ठरत नाहीत, पानं ठरल्याशिवाय कागद मागवता येत नाही. तारखा अशा एकमेकींत अडकल्या असतील तर गँट चार्ट, म्हणजे कामं तारखांवर आडव्या पट्ट्यांनी दाखवणारा तक्ता लागतो. तो झोहो प्रोजेक्ट्स या साधनात मिळतो. जीरा नावाचं साधन सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना सोयीचं आहे, अंकासाठी त्याच्या वाटेला जाऊ नका.

३. सगळ्यात नाखूश माणसाकडून चाचणी घ्या

एकच लेख सुरुवातीपासून छपाईपर्यंत नव्या साधनावर चालवून बघा, आणि तोही डीटीपी करणाऱ्याच्या किंवा मुद्रितशोधकाच्या मोबाइलवर. कंटाळून त्याने फोन केला तर ते साधन तुमच्या कामाचं नाही. मराठीत शोध नीट लागतो का, हेही बघा. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर कार्डावर चिकटवला तर निव्वळ इंग्रजी अक्षरांचा गिचमिडा दिसतो. म्हणून प्रूफ पीडीएफ करूनच जोडायचं.

४. पैसे आणि परतीची वाट

दर बहुधा माणशी, महिन्याचा असतो. वर्षातून एकदाच लागणाऱ्या चित्रकाराचेही पैसे पडतात का, ते विचारून घ्या. आपली सगळी माहिती सीएसव्ही फाइलमध्ये (कुठल्याही शीटमध्ये उघडणाऱ्या साध्या तक्त्यात) बाहेर काढता येते का, हे तर पहिल्याच दिवशी करून बघा. कामांच्या याद्यांचं लोकप्रिय अॅप वंडरलिस्ट मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये विकत घेतलं आणि मे २०२० मध्ये बंद केलं.

साधन ठरलं की ग्रुपवर कामं सांगणं त्याच दिवशी थांबवा. संपादकांनीच ग्रुपवर ‘कव्हर झालं का?’ असं विचारलं, तर आठवड्याभरात बोर्ड ओस पडेल.