टर्बो गेला असे ठरवण्यापूर्वी

सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार गेला की टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा पंप) असलेल्या वेगवान पेट्रोल गाड्यांच्या मालकांची एक तक्रार हमखास ऐकू येते: गाडीचा पिकअप गेला. अशा उन्हात इंटरकूलरमधून (टर्बोने दाबलेली हवा थंड करणाऱ्या जाळीतून) येणारी हवाच तापलेली असते, त्यामुळे नॉकिंग, म्हणजे इंधनाचा अवेळी भडका, टाळण्यासाठी ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) ठिणगी थोडी उशिरा पाडतो आणि काही गाड्यांत बूस्टही, म्हणजे टर्बोने वाढवलेला हवेचा दाब, उतरवतो. हा बिघाड नव्हे. म्हणून पहिली चाचणी पहाटे घ्यावी. तेव्हा गाडी नीट ओढत असेल आणि चेक इंजिनचा दिवा पेटलेला नसेल, तर टर्बोला हात लावण्याचे कारण नाही.

तक्रार पहाटेही कायम राहिली तर ईसीयूमधले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर जोडावा. पी०२९९ हा कोड बूस्ट कमी पडल्याचे सांगतो, पी०२३४ तो जास्त झाल्याचे. कारण मात्र दोन्ही सांगत नाहीत. इंजिन बंद ठेवून फक्त इग्निशन चालू केल्यावर मॅनिफोल्डचा (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांचा) दाब सुमारे ९६ किलोपास्कल दिसायला हवा, कारण सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर आहे. आकडा यापासून फार दूर असेल तर आधी सेन्सरवर संशय घ्यावा. त्यानंतर पुणे-हैदराबाद महामार्गावर, रस्ता मोकळा असताना आणि वेगमर्यादा सांभाळून, तिसऱ्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटर पूर्ण दाबावा आणि ईसीयूने मागितलेला दाब व प्रत्यक्ष मिळालेला दाब यांची नोंद शेजारी बसलेल्या व्यक्तीने घ्यावी.

प्रत्यक्ष दाब सतत कमी राहत असेल तर हवेची गळती आधी शोधावी. टर्बोपासून थ्रॉटलपर्यंतच्या (इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणाऱ्या झडपेपर्यंतच्या) प्रत्येक जोडावर टॉर्च मारून पाहावे: क्लिप सैल झालेली असेल तिथे तेलाचा बारीक फवारा उडून त्यावर आपल्याकडची धूळ बसते आणि काळपट, चिकट पट्टा तयार होतो. शंका राहिली तर स्मोक टेस्ट, म्हणजे पाइपांत धूर सोडून गळती शोधण्याची चाचणी, करून घ्यावी. कमी आरपीएमवर धातूची खडखड येत असेल तर वेस्टगेटचा (जादा एक्झॉस्ट टर्बोला वगळून सोडून देणाऱ्या झडपेचा) सांधा झिजलेला असण्याची शक्यता असते. ही झडप हलवणारा, व्हॅक्यूम किंवा दाबावर चालणारा अॅक्ट्युएटर हातपंपाने तपासता येतो, इलेक्ट्रॉनिक असेल तर तो स्कॅनरमधूनच हलवावा.

निळ्या धुराचा अर्थ लावताना घाई नको. एक्झॉस्टमधून तेल जळाल्याचा धूर येतो हे खरे, पण क्रँककेसचा ब्रीदर (इंजिनाच्या तळातली वाफ बाहेर काढणारी नळी) तुंबला किंवा टर्बोतून तेल खाली उतरवणारा पाइप दबला, तर चांगला टर्बोही सीलमधून तेल सोडतो. इंटरकूलरच्या पाइपमध्ये तेलाचा पातळ थर असणे नेहमीचे आहे. तेल साचलेले दिसले तरच काळजी करावी.

एवढे झाल्यावरच थंड इंजिनावर टर्बोच्या तोंडाशी येणारा पाइप काढावा. टर्बोच्या चाकाचा शाफ्ट (मधला दांडा) बोटांत धरून आधी आत-बाहेर ओढून पाहावा. या दिशेला हालचाल जाणवताच कामा नये. आडव्या दिशेची किंचित हालचाल मात्र चालते, कारण शाफ्ट बेअरिंगमध्ये तेलाच्या थरावर तरंगतो आणि इंजिन बंद असताना तो थर नसतो. शाफ्ट एका बाजूला दाबून चाक फिरवावे: पाती हाउसिंगला (बाहेरच्या कवचाला) घासत असतील, आतल्या भिंतीवर चकचकीत ओरखडा असेल किंवा पात्यांच्या कडा खाल्लेल्या दिसत असतील, तर टर्बो खरोखर गेला आहे. बूस्ट चढताना सायरनसारखी येणारी किंचाळी बहुधा याच झिजेची असते.

नवा टर्बो बसवण्यापूर्वी जुना कशामुळे गेला हे फिटरला विचारावेच. मिनिटाला दोन लाखांच्या घरात फेरे घेणाऱ्या शाफ्टला काही सेकंदही तेल मिळाले नाही तर बेअरिंग टिकत नाही, आणि कार्बनने तुंबलेला तेलाचा फीड पाइप तसाच राहिला तर नव्या टर्बोचीही तीच गत होते. तो पाइप बदलावा, इंटरकूलरमधले तेल व धातूचे कण साफ करून घ्यावेत, ऑइल आणि फिल्टर नवे टाकावेत, टर्बोत तेल ओतून चाक हाताने फिरवावे आणि इंजिन सुरू केल्यावर काही मिनिटे ते आयडलवरच राहू द्यावे.