देवाचं ऐकायचं, पण धाकानं नाही : एका जुन्या कंडक्टरची पद्धत

जालना डेपोला मी एकतीस वर्षं कंडक्टर होतो. त्यातली बरीचशी अंबड, वडीगोद्री, बीड या मार्गावर गेली. फाट्यावर तपासणीची जीप दिसली की काही कंडक्टरांचा हात लगबगीनं तिकिटांच्या ट्रेकडं जायचा. मी त्यातला नव्हतो. माझी तिकिटं फाडून झालेली असायची, वेबिल, म्हणजे तिकिटांच्या हिशेबाचा कागद, पैशापैशानं बरोबर असायचं. तरी जीप दिसली की छातीत धडधडायचंच.

चर्चच्या मंडळीतही माझं तेच चाललेलं. आमचे पणजोबा बेथेलचे. रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी निजामाच्या राज्यात, जालन्याजवळ वसवलेलं ते ख्रिस्ती गाव. चार पिढ्यांचे ख्रिस्ती असल्याची ऐट आणि चार पिढ्यांचे नियम, दोन्ही मला वारशात मिळाले. घरात दोनशे पानी वही होती : वाचन, प्रार्थना, दशांश (कमाईचा दहावा हिस्सा देवाला), उपास, उपासनेची हजेरी. रोज रात्री बरोबरच्या खुणा. देवाची मी चेकिंगची जीप करून ठेवली होती.

तुमचंही असंच असेल तर मी काय काय केलं ते सांगतो. क्रमानं जमेलच असं नाही, मलाही जमलं नव्हतं.

वही फाडू नका. माझी अजून आहे. एक आठवडा फक्त एवढं करा : खूण करताना डोळ्यासमोर कोण येतं ते बाजूला लिहा. माझ्या वहीत पहिल्या आठवड्यात तीनदा चर्चचे पाळकसाहेब आले, दोनदा आमचे थोरले बंधू, आणि एकदा समोरच्या बाकावर बसणारं एक कुटुंब. प्रभू एकदाही नाही. लाज वाटली, पण आजार तरी सापडला.

मग देवाच्या दहा आज्ञांपैकी एकच घ्या. दहाच्या दहा घेतल्या की पुन्हा वही सुरू होते. ती आज्ञा शास्त्रात जिथं आहे तिथं जाऊन मागची-पुढची ओळ वाचा. बायबलातल्या निर्गम पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात पहिल्या आज्ञेच्या आधी काय आहे? मी तुला मिसर देशातून, गुलामीतून बाहेर आणलं, असं देव सांगतो. सुटका आधी झालेली आहे, आज्ञा नंतर आल्या. मी उलटं धरून बसलो होतो, की पाळल्या तर सुटका.

मी घेतली शब्बाथाची, म्हणजे देवासाठी राखलेल्या विसाव्याच्या दिवसाची. कारण तिच्यातच माझी खरी चूक होती.

रविवारची सुटी मी कधी सोडली नाही. एकदा बरोबरच्या एका कंडक्टरच्या पोरीचा साखरपुडा रविवारी ठरला. तो म्हणाला, "भाऊ, एवढा एक दिवस ड्युटी बदलून घ्या, माझी सुटी तुम्ही घ्या." मी म्हणालो, "रविवार देवाचा आहे, जमणार नाही." त्याला दुसरं कुणी मिळालं नाही. तो सकाळच्या बीड गाडीवर गेला आणि पाहुणे उठल्यावर घरी पोचला. त्या दिवशी मी उपासनेत पहिल्या बाकावर होतो. रात्री वहीत खूण केली.

पुढं कितीतरी वर्षांनी बायबलातल्या 'अनुवाद' या पुस्तकाचा पाचवा अध्याय नीट वाचला. तिथं शब्बाथाचं कारण दिलंय : तुझ्यासारखाच तुझ्या दासदासीलाही विसावा मिळावा, कारण तूही मिसरात दास होतास. म्हणजे विसावा माझ्या एकट्यासाठी नव्हताच. दुसऱ्याच्या पाठीवर टाकून घेतलेल्या सुटीला मी देवाचा दिवस म्हणत होतो.

म्हणून प्रत्येक आज्ञेला हा प्रश्न विचारा : ही कुणाला जपायला दिली? उत्तर मिळालं की त्या माणसासाठी त्याच दिवशी काहीतरी करा. मी शब्बाथाला हे विचारलं तेव्हा उत्तर स्वयंपाकघरात मिळालं. उपासनेहून आलो की मी पंख्याखाली पेपर घेऊन बसायचो, आणि आमच्या मंडळी (म्हणजे बायको, चर्चची नव्हे!) दोन-चार पाहुण्यांचं मटण-भाकरी करायला उभ्या. त्यांचा शब्बाथ कोणता? आता शनिवारी रात्री कांदा-लसणाचं वाटण मी करून ठेवतो. रविवारी जेवल्यावर भांडी माझी. पहिल्या रविवारी रश्शाचं पातेलं तीनदा घासलं तरी तळाला तेलकट राहिलं. बायको बघून म्हणाली, "राहू द्या, वास येईल, उद्या राखेनं घासते." चौथ्या रविवारी तिनं पातेलं उलटं करून तळाला बोट फिरवून पाहिलं आणि काही न बोलता फळीवर ठेवलं. वहीतल्या सगळ्या खुणांपेक्षा मला ते बोट मोठं वाटलं.

दशांशाचं थोडक्यात. पाकीट वेळेवर टाका, पण त्याच्या आड घरच्यांना लपवू नका. मार्कच्या सातव्या अध्यायात येशूनं 'कुर्बान', म्हणजे 'हे देवाला वाहिलंय', म्हणून आईबापाला हात वर करणाऱ्यांना चांगलं धरलंय. उपासाचंही तसंच. लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या उपासाच्या दिवसांत, माझ्या पोटातले कावळे लेकरांच्या अंगावर धावायचे. तसं होत असेल तर सरळ दोन घास खा.

आता उलट्या बाजूचा खड्डा. आमच्या तरुण पोरांच्या तोंडी असतं, "कृपा आहे, चालतंय." चालत नाही. माझ्यावर प्रीती असली तर माझ्या आज्ञा पाळाल, हे येशूनंच म्हटलंय, योहान 14:15. आणि मनात प्रेम दाटून येण्याची वाट बघत बसू नका. तापलेल्या लेकराला रात्री दोनला औषध पाजताना कुणाला उमाळा येतो? डोळे मिटत असतात, तरी आपण उठतो. कोरड्या दिवशी पाळलेली आज्ञा खोटी नसते. पुढच्याच ओळीत तो कैवारी, म्हणजे पवित्र आत्मा, देण्याचं सांगतो, तेवढं मागून घ्या.

आणि चुकलात तर तोंड लपवू नका. हे मला सगळ्यात जड गेलं. येशूचा शिष्य पेत्र, त्यानं येशूला ओळखत नाही म्हणून तीनदा नाकारलं होतं. नंतर समुद्राकाठी निखाऱ्यांजवळ प्रभूनं त्याला 'का नाकारलंस' असं विचारलं नाही. तीनदा विचारलं, माझ्यावर प्रीती करतोस का? आणि दर वेळी मेंढरं सांभाळायचं काम दिलं. मी त्या जागी असतो तर आधी खुलासा लिहून घेतला असता, डेपोची सवय.

निवृत्त झाल्यावर तो कंडक्टर मला अंबड चौफुलीला भेटला. चहा घेता घेता मी त्या साखरपुड्याची माफी मागितली. तो हसला. म्हणाला, "मला वाटलं, तुमचा देव लईच कडक साहेब हाये. तुम्हीच भेत होते त्याला, मग म्या काय बोलणार?" मग म्हणाला, त्याच पोरीच्या लेकाचं जावळ आहे, येणाऱ्या रविवारी, सकाळी दहाला.

आमची उपासना साडेनऊला असते. पाळकसाहेबांना सांगून ठेवलंय, या रविवारी पहिल्या बाकावर दुसऱ्या कुणाला बसवा.