बोटीच्या एकाच बाजूला सॅमन का लागतात? कारण असं शोधा

उन्हाळ्यात पुण्याहून बरेच आईवडील मुलांकडे सिएटलला नाहीतर व्हँकुव्हरला जातात आणि त्यातल्या काहींना सॅमनच्या ट्रोलिंगला जायचा योग येतो. बोट संथ चालवायची आणि मागून आमिषं ओढत न्यायची, एवढंच ते काम. दोन्ही बाजूंना सारखेच रॉड, आमिषंही तीच, तरी सकाळभर मासे डावीकडे लागत राहतात आणि उजवीकडचा माणूस रॉडच्या टोकाकडे बघत बसतो. मग ‘ती बाजूच लकी’ म्हणून जागांची अदलाबदल सुरू होते. त्यापेक्षा कारण शोधावं. मासे सामानाबरोबर बाजू बदलतात, बोटीच्या एकाच अंगाला चिकटून राहतात, की बाहेरच्या दिशेशी बांधलेले असतात, एवढं कळलं की निम्मं काम झालं.

आधी योगायोग बाजूला काढा

सहा माशांपैकी पाच एकाच बाजूला लागले, तर त्यावरून काहीही ठरवू नका. नाणं सहादा उडवलं तरी पाच किंवा सहा वेळा एकच बाजू पडण्याची शक्यता सुमारे 22 टक्के असते. बारापैकी दहा किंवा त्याहून जास्त मासे एका बाजूला लागले, तर मात्र लक्ष द्या. ते निव्वळ योगायोगाने शंभरात चारेक वेळाच होईल. शिवाय सॅमन थव्याने फिरतात. एकाच थव्यातले तीन मासे पाठोपाठ लागले, तर ती एकच नोंद समजणं शहाणपणाचं.

म्हणून सोबत वही ठेवा. प्रत्येक माशामागे वेळ, बाजू, खोली, आमिष, बोटीचं तोंड कोणत्या दिशेला होतं आणि बोट सरळ चालली होती की वळत होती, हे लिहा. वळणाचा रकाना बहुतेक जण गाळतात आणि माझ्या मते सगळ्यात जास्त माहिती त्याच रकान्यात असते.

दोन्ही बाजू खरोखर सारख्या करा

पुण्यातून निघतानाच तीन वस्तू घ्या: अप्पा बळवंत चौकातून मोठा कोनमापक, बोहरी आळीतून सामान तोलायचा हुकाचा काटा आणि तपकीर गल्लीतून साधा मल्टिमीटर.

सॅमन पुष्कळदा खोलवर असतात. तिथे आमिष न्यायला बोटीच्या कडेला डाउनरिगर बसवलेले असतात. डाउनरिगर म्हणजे स्टीलच्या केबलची चरखी, केबलच्या टोकाला 10-12 पौंडांचा शिशाचा गोळा. रॉडची दोरी त्या केबलला चिमट्याने अडकवतात. मासा लागला की चिमटा सुटतो. किती फूट केबल सोडली ते काउंटर दाखवतो. पण सोडलेली केबल म्हणजे खोली नव्हे, कारण चालत्या बोटीमागे गोळा मागे ओढला जातो. 100 फूट केबल उभ्या रेषेपासून 30 अंश कलली, तर गोळा सुमारे 87 फुटांवर असतो. 45 अंश कलली, तर 71 वर. एका बाजूला 12 पौंडांचा गोळा आणि दुसऱ्या बाजूला 10 चा असला, तर दोन्ही काउंटर 100 दाखवत असताना आमिषं वेगवेगळ्या खोलीवर फिरत असतात.

गोळे काट्यावर तोला. मग धक्क्यावर टेप पसरून दोन्ही केबल 50-50 फूट ओढा आणि काउंटर काय म्हणतात ते पाहा. कोन मोजायला कोनमापकाच्या मध्यबिंदूला दोरा बांधून खाली एक नट लटकवा. सरळ कड केबलला लावा, अर्धगोल बोटीच्या पुढच्या बाजूकडे ठेवा. दोरा सरळ कडेपासून जितके अंश दूर जाईल तितकी केबल कललेली. पाण्याखाली केबलला बाक येतो, त्यामुळे हा अंदाज ढोबळच, पण दोन बाजूंची तुलना करायला पुरेसा.

हातांकडेही बघा. सॅमनचं नाक फार तीक्ष्ण. सस्तन प्राण्यांच्या त्वचेतून पाण्यात उतरणारं एल-सेरीन हे अमिनो आम्ल सॅमनना दूर पळवतं, हे 1956 मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं. एका बाजूचा माणूस सनस्क्रीन चोळून किंवा इंधन भरून त्याच हातांनी आमिष लावत असेल, तर तो फरक आधी मिटवा. बिनवासाच्या साबणाने दोघांनीही हात धुवा.

आता अदलाबदल

डावीकडचा रॉड, फ्लॅशर (आमिषाच्या पुढे बांधलेली, पाण्यात फिरणारी चकचकीत पट्टी), आमिष, सगळं जसंच्या तसं उजवीकडे न्या आणि उजवीकडचं डावीकडे. खोली आणि वेग तोच ठेवा. माशांनीही बाजू बदलली, तर दोष सामानात आहे. फ्लॅशर आणि आमिष यांच्यामधल्या दोरीची लांबी मोजा. ती बदलली की आमिषाची पाण्यातली हालचाल बदलते. गळाचं टोक अंगठ्याच्या नखावर हलकेच टेकवून बघा; ते घसरलं तर बोथट आहे.

मासे जागचे हलले नाहीत, तर बोट उलट फिरवून त्याच रेषेवरून परत या. जाताना डावीकडे आणि येताना उजवीकडे मासे लागले, तर कारण बोटीबाहेर आहे. बहुतेकदा ते पाण्याखालच्या कड्याचं असतं. किनाऱ्याला समांतर जाणाऱ्या अशा कड्याच्या आसऱ्याने सॅमनचं खाद्य जमतं आणि कड्याजवळून जाणारी बाजू भाव खाते. मग बाजू विसरा, बोटच थोडी कड्याकडे सरकवा.

बोटीचीच बाजू ठरली, तर

पहिला संशय वळणांवर घ्या. बेलबाग चौकातून लक्ष्मी रस्त्यावर वळताना ढोलपथकाची बाहेरची रांग लांब पावलं टाकते आणि आतली जवळजवळ जागेवर चालते. वळणाऱ्या बोटीमागे आमिषांचं तसंच होतं. बाहेरचं आमिष वेगात येऊन वर उचलतं, आतलं मंदावून खाली जातं. चालवणाऱ्याला सतत डावीकडे वळायची सवय असेल, तर दोन बाजू दिवसभर वेगवेगळ्या वेगाने चालतात. सॅमनच्या ट्रोलिंगचा वेग ताशी साधारण 2 ते 3 मैल असतो, त्यात अर्ध्या मैलाचा फरकही मोठा. वहीत वळणावर आतल्या बाजूचे मासे जास्त दिसले, तर सरळ चालताना वेग कमी करा. बाहेरचे जास्त असतील, तर वाढवा. म्हणूनच त्या रकान्याचा एवढा आग्रह.

दुसरा संशय वाऱ्यावर. वारा उजवीकडून असला की बोट पाण्यावर डावीकडे सरकते. त्यामुळे डावीकडची दोरी बोटीखाली, पंख्याच्या फेसाकडे ओढली जाते आणि उजवीकडची मोकळ्या पाण्यात राहते. ट्रोलिंगसाठीचं छोटं इंजिन मुख्य इंजिनाच्या एका अंगाला असतं, तेव्हा त्या बाजूची दोरीही फेसाजवळ येते. दोन्हींवर उपाय एकच: त्या बाजूचं आमिष गोळ्यापासून आणखी मागे सोडा.

विजेचा मुद्दा मी मुद्दाम शेवटी ठेवला आहे. खाऱ्या पाण्यात बोटीचे धातू आणि केबल यांच्यात थोडा व्होल्टेज तयार होतो आणि तो 0.6 व्होल्टच्या आसपास असला की चिनूक जातीचे सॅमन येतात, असं बरेच ट्रोलर मानतात. शार्कला वीज ओळखणारी इंद्रियं असतात, सॅमनला तशी नाहीत, म्हणून माझा यावर फार भर नाही. तरी मोजा. मल्टिमीटर डीसीवर ठेवून काळी तार बॅटरीच्या ऋण टोकाला आणि लाल तार पाण्यात सोडलेल्या केबलला लावा. मग इंजिन, पंप, फिश फाइंडर (पाण्याखालचे मासे पडद्यावर दाखवणारं यंत्र) एकेक सुरू करत जा. एकाच बाजूचा आकडा उडी मारत असेल, तर तिथे वायरिंग गळतं आहे. ते दुरुस्त केलं नाही, तर बोटीचा धातू झिजत जाईल.

जाण्यापूर्वी तिथला परवाना काढा. ब्रिटिश कोलंबियात सॅमनसाठी उलटा काटा नसलेलाच गळ लागतो.

हीच अदलाबदल हर्णै-मुरुडकडे सुरमईसाठी बोट घेतली तरी चालते. तिथे डाउनरिगर नसतात, म्हणून दोन्ही दोऱ्या किती सोडल्या ते दोरीवर रंगाची खूण करून सारखं ठेवा. उलट फेरी मारायला डिझेल जास्त जातं, तेव्हा तांडेलाशी पैशांचं आधीच बोलून घ्या.